चार्ज या इंग्लिश शब्दाचे नक्की अर्थ किती आणि तो वाक्यात वापरायचा कसा?

उद्यमबाग_मेल्टिंग (प्रश्न)

नमस्कार मंडळी, मी खानापूर साइडचा. एसएसएलसी मराठी मिडीयममधनं झालं, मग आयटीआय, आणि आता बेळगावात उद्यमबागेला एका फाउंड्रीत मेल्टिंग सेक्शनला हाय. इंग्लिश वाचायला येतंय पण अर्थ लावताना गाडी अडकते. सध्या एका शब्दानं डोकं खाल्लंय, चार्ज.

आमच्यात दर हीटला, म्हणजे भट्टीतनं धातू वितळवायच्या एकेका फेरीला, एक कागद भरायचा असतोय, त्याला चार्ज शीट म्हणतात. स्क्रॅप किती टाकलं, पिग आयर्न किती, फेरो सिलिकॉन किती, सगळं त्यात लिहायचं. परवा तो कागद खिशातच राहिला, धुण्याच्या वेळी आईच्या हाताला लागला, तिनं धाकट्याकडनं वाचून घेतला आणि त्यानं मोठ्यानं वाचलं, चार्ज शीट. झालं. आई टीव्हीवर रोज ऐकते चार्जशीट दाखल, चार्जशीट दाखल, तिला वाटलं पोरावर केस पडली. मी घरी येईपर्यंत शेजारची मावशी पण येऊन बसलेली.

ते राहू दे. वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढलंय तर सेक्रेटरी म्हणतो जमिनीवर चार्ज क्रिएट करावा लागतोय. मोबाईलला चार्ज. लाइट बिलात फिक्स्ड चार्ज. शिफ्ट इनचार्ज. लाठीचार्ज. गुगलला टाकून बघितलं तर डिक्शनरीत अर्थांची रांगच लागली आणि ट्रान्सलेशनच्या ॲपनं चार्ज शीटचं "शुल्क पत्रक" करून दिलं. भट्टीत शुल्क टाकायचं काय आता.

तर विचारालोय ते असं, की हे वेगवेगळे शब्द आहेत आणि स्पेलिंग फक्त एक, की शब्दच एक आहे? आणि वाक्यात वापरायचा कसा, कारण दुसऱ्या एका कंपनीत अर्ज करायचाय, तिथं अनुभव इंग्लिशमध्ये लिहून मागितलाय. मी लिहिलंय "आय ॲम चार्ज ऑफ मेल्टिंग", मित्र म्हणतो चुकलंय पण काय चुकलंय ते त्यालाही सांगता येईना.

टिळकवाडीच्या_बाई

शब्द एकच आहे. मी इंग्लिश शिकवते, हा शब्द मुलांना दरवर्षी छळतो.

लॅटिनमध्ये कार्रुस म्हणजे चाकांची गाडी. त्यावरून पुढे कार्रिकारे, म्हणजे गाडीत माल भरणे. ते जुन्या फ्रेंचमधून इंग्लिशमध्ये आलं आणि चार्ज झालं. कार आणि कॅरी याच घरातले, जहाजावरचा कार्गो हा स्पॅनिशमधून आलेला भाऊ, आणि कॅरिकेचर म्हणजे व्यंगचित्र, हा इटालियनमधून, चेहऱ्यावर जास्तीचा भार टाकलेला. म्हणजे मुळात चार्ज म्हणजे लादणे, भरणे, आणि जे लादलं तो भार. तुमचा भट्टीतला चार्ज तर मूळ अर्थाच्या अगदी जवळचा, कारण तिथं खरोखरच माल भरला जातो.

आता गंमत बघा, मराठीत यातले निम्मे अर्थ आपण भार याच शब्दावर चालवतो आणि आपल्या लक्षात पण येत नाही. हेडमास्तरांनी पदभार स्वीकारला. त्या जागी प्रभारी नेमले. सरचार्जला अधिभार. विजेच्या चार्जला विद्युतभार. जमिनीवर बोजा चढला, बोजा म्हणजे भारच. आरोप हा शब्द सुद्धा संस्कृतमध्ये वर ठेवणे, चढवणे असाच आहे, म्हणून तर आपण आरोप "ठेवतो" किंवा "लादतो". ॲपनं शुल्क दिलं कारण पैशाचा अर्थ रोजच्या वापरात सगळ्यात जास्त, ॲपला तुमची भट्टी कुठं दिसणार.

वाक्यरचनेचं रात्री लिहिते, पेपर तपासायचे आहेत.

मामा_बिडाची_भट्टी

आईला काळजीत टाकलास की बे. 😀

पोरा, मी कुपोल्यावर, म्हणजे कोकवर चालणाऱ्या उभ्या जुन्या भट्टीवर काम केलेला माणूस, विजेवरची इंडक्शन भट्टी नंतर आली. कुपोल्यात चार्ज म्हणजे काय ते डोळ्याला दिसायचं. खाली बेड कोक पेटवायचा, मग वर चार्जिंग डोअरमधनं थरावर थर, लोखंड, कोक, चुनखडी, परत लोखंड, कोक, चुनखडी. एका फेरीचं जे काही वजन आत जाईल तो एक चार्ज. चुनखडी कशाला, तर राख आणि घाण धरून स्लॅग होते आणि वेगळी काढता येते. मोजणारा माणूस वर प्लॅटफॉर्मवर खडूनं रेघा मारत बसायचा, कितवा चार्ज गेला ते.

इंडक्शनला कोक नाही, थर नाही, पण शब्द तोच राहिला. चार्ज मटेरियल म्हणजे स्क्रॅप, पिग आयर्न, आपल्याच कास्टिंगचे कापलेले जादा तुकडे, रनर-रायझर, परत आलेले ते रिटर्न्स, वर कार्बन वाढवायला कार्बुरायझर आणि फेरो. चार्ज मिक्स म्हणजे कशाचं प्रमाण किती. आणि चार्ज अडकला म्हणजे ब्रिजिंग, वर माल एकमेकांत अडकून पूल धरतो आणि खाली धातू नुसता तापत जातो, लई धोक्याचं काम, ते तुला माहीतच असणार. ओलं भंगार पण चार्ज करायचं नसतं, पाण्याची वाफ होऊन धातू बाहेर उडतो.

इंग्लिशमध्ये क्रियापद म्हणून पण हेच, "वी चार्ज्ड द फर्नेस", म्हणजे आम्ही भट्टी भरली. कोल्हापूरला शिरोलीत जा नाहीतर इथं मच्छेला ये, बोली हीच.

चिकोडी_कोर्ट_कट्टा

कायद्यातले दोन चार्ज पूर्ण वेगळे आहेत, तेवढं सांगतो, कारण यात माणसं फसतात.

पहिला जमिनीचा. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, त्यात कलम ५८ ला मॉर्गेज म्हणजे गहाण आणि कलम १०० ला चार्ज. गहाणात मालमत्तेतला काही हक्क कर्ज देणाऱ्याकडं जातो. चार्जमध्ये हक्क जात नाही, फक्त एवढं ठरतं की पैसे फिटले नाहीत तर या मालमत्तेतून वसूल करता येतील. मालकी तुमच्या वडिलांचीच. सेक्रेटरी जे म्हणतोय ते हे, आणि मग ते आपल्या उताऱ्यावर चढतं. इथं कर्नाटकात उतारा म्हणजे आरटीसी, कुणी पहाणी म्हणतं, त्यातला ११ नंबरचा कॉलम बघा, इतर हक्क आणि ऋण. तिथं सोसायटीचं किंवा बँकेचं नाव आणि रक्कम येते. कन्नडमध्ये "ऋण" लिहिलेलं असतं, अक्षर ओळखता आलं की पुरे. सबरजिस्ट्रारकडनं ईसी, म्हणजे मालमत्तेवर बोजा आहे का नाही याचा दाखला, काढतो ना, त्याला कन्नडमध्ये ऋणभार प्रमाणपत्र म्हणतात, बाईंचा भार तिथं पण आहेच.

कर्ज फिटलं की आपोआप बोजा उतरतो असं धरून बसू नका. फिटल्याचा दाखला घ्या, तलाठ्याकडं नाहीतर नाडकचेरीत (महसूल खात्याचं जवळचं ऑफिस) अर्ज द्या, आणि नवा उतारा काढून डोळ्यानं बघा. कर्ज आजोबानं फेडलेलं आणि बोजा नातवाच्या उताऱ्यावर, असली प्रकरणं कोर्टात बघितलीत.

दुसरा फौजदारी. टीव्हीवाले चार्जशीट म्हणतात तो म्हणजे पोलिसांनी तपास संपवून कोर्टात दिलेला रिपोर्ट. जुन्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत, कलम १७३, आता १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) लागू झालं त्यात कलम १९३. कलमाच्या भाषेत त्याला पोलीस रिपोर्ट म्हणतात, चार्जशीट हे बोलण्यातलं नाव. आणि चार्ज फ्रेम करणं हे पोलिसांचं काम नाही, ते कोर्टाचं, त्याला आपण आरोप निश्चिती म्हणतो. पेपरमध्ये "चार्जशीट झाली म्हणजे दोषी" असं वाचणारे लई भेटतात. चार्जशीट नंतर चार्ज, चार्ज नंतर साक्षीपुरावे, निकाल मग.

ऑफिसात खात्याची चौकशी लावतात तेव्हा देतात ती पण चार्जशीटच. म्हणजे चार्जशीट नावाचे कागद दोन प्रकारचे, तुझा तिसरा.

नंदगडचा_माजी_फौजी

राम राम. फौजेत तर चार्ज शिवाय पान हलत नाही.

स्टोअरमध्ये सामान आलं की ते "ऑन चार्ज" घेतात, म्हणजे लेजरला चढवलं, आता ते कुणाच्या तरी नावावर. खराब झालं, तपासायला अधिकाऱ्यांचा बोर्ड बसला, की "स्ट्राइक ऑफ चार्ज", म्हणजे लेजरमधनं कमी. कंपनीचा क्वार्टरमास्टर बदलला की चार्ज द्यायचा-घ्यायचा, एक एक चमचा मोजून, आणि एक जरी कमी पडला तरी सही होत नाही. जवानानं काय गडबड केली तर त्याच्यावर चार्ज लागतो, टोपी-बेल्ट काढून ओसीसमोर, म्हणजे कमांडिंग साहेबासमोर, मार्च. तोफखान्यात गोळ्यामागं दारूच्या पिशव्या घालतात त्यांना पण चार्ज, चार्ज वन, चार्ज टू, जेवढा चार्ज मोठा तेवढा गोळा लांब. आणि शेवटी संगिनी लावून धावायचं ते चार्ज, बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय म्हणत. मराठा सेंटरच्या बाजूनं गेला असाल तर आवाज ऐकला असणार.

तर एका पलटणीत एकच शब्द, कुठं सामान, कुठं शिक्षा, कुठं दारू, कुठं हल्ला. आम्हाला कधी घोळ झाला नाही कारण कोण बोलतंय आणि कुठं बोलतंय यावरनं कळतंय की.

गणपत_गल्ली_०१

बाई, सगळं भारात बसवायची हौस जरा आवरा 🙏 हल्ल्यात भार कुठं आला? आमच्या आत्याकडं भीमगडच्या जंगलाच्या कडेला गवे येतात, कधी दांडेलीकडनं हत्ती येतात, फॉरेस्टचे लोक सांगतात हत्तीनं मॉक चार्ज केला, म्हणजे कान पसरून धावत आला आणि थांबला. त्या हत्तीच्या अंगावर कसला बोजा?

टिळकवाडीच्या_बाई

बोजा हत्तीवर नाही हो, हत्तीच बोजा, आणि तो तुमच्यावर 😀 पण मुद्दा मान्य, हा अर्थ मुळापासून लांब गेलेला आहे. हत्यार सज्ज करून रोखणं हे पण चार्ज करणंच होतं, हल्ल्याचा अर्थ त्या अंगानं आला असं म्हणतात. परीक्षेत मात्र कुणी व्युत्पत्ती विचारत नाही. "द एलिफंट चार्ज्ड ॲट द जीप", हल्ल्याच्या वेळी ॲट, एवढं धरा.

पीयूसी_सायन्स_२६

मी पण मराठी मिडीयमच, पीयूसीला (अकरावी-बारावी) आल्यावर सगळं इंग्लिशमध्ये एकदम अंगावर आलं त्यामुळे तुमचं दुःख कळतं 😭

फिजिक्सवाला चार्ज सांगते. आमच्या क्लासमधल्या कन्नड मिडीयमच्या मुली विद्युदावेश म्हणतात, हिंदीत पण आवेश, कोल्हापूरला माझी मावसबहीण आहे तिच्या मराठी पुस्तकात प्रभार. मला आवेश म्हणजे कुणीतरी भाषण ठोकतंय असं वाटायचं. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह चार्ज ही नावं बेंजामिन फ्रँकलिननं दिली, १७४० नंतरच्या दशकात, त्याला वाटायचं वीज म्हणजे एक द्रव आहे आणि वस्तूत तो जास्त भरला की पॉझिटिव्ह, कमी झाला की निगेटिव्ह. म्हणजे तिथं पण भरणंच! इलेक्ट्रॉन नंतर सापडला आणि तो निघाला निगेटिव्ह, म्हणून करंटची दिशा एकीकडं आणि इलेक्ट्रॉन दुसरीकडं असा ताप आमच्या पिढीला.

आणि मोबाईल चार्ज करतो म्हणजे बॅटरीत चार्ज भरून ठेवतो असं नाही बरं का. एका टोकानं जेवढा चार्ज आत जातो तेवढाच दुसऱ्या टोकानं बाहेर येतो, साठते ती एनर्जी, केमिकल रूपात. बॅटरीवर जे ५००० एमएएच लिहिलेलं असतं ते मात्र चार्जचंच माप आहे. ५ अँपिअर गुणिले ३६०० सेकंद, म्हणजे १८००० कूलॉम. हे सरांनी सांगितलं तेव्हा सगळ्यांनी फोन उलटे करून बघितले, कारण क्लासमध्ये फोन आणायला बंदी आहे आणि सगळ्यांकडं होते.

खडेबाजार_टेलर

एवढं लांब कशाला नेताय, रोजच्या बोलण्यातलं सांगा की पोराला.

प्राइस वस्तूची, चार्ज कामाचा. कापडाची प्राइस, शिलाईचा चार्ज. गाडीभाडं ते फेअर. डॉक्टर-वकील घेतात ती फी, आणि ती कधीच कमी होत नाही. सोनार मेकिंग चार्ज लावतो ती आपली घडणावळ, जुनी माणसं अजून तेच म्हणतात. गिऱ्हाईक इंग्लिशमध्ये विचारतं "हाऊ मच डू यू चार्ज", म्हणजे शिलाई किती. "व्हॉट इज युवर प्राइस" असं विचारलं तर मला वाटतं मलाच विकत घेतोय.

लाइट बिलाचं म्हणाल तर इथं हेस्कॉमचं, म्हणजे आमच्या वीज कंपनीचं, बिल कन्नडमध्ये, फिक्स्ड चार्जला निगदित शुल्क. चंदगडला पाहुण्यांकडं गेलो तर त्यांच्या बिलात मराठीत स्थिर आकार, वहन आकार. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीटरचा आकार सांगतायत काय असं वाटलं. पण आकार हा पैशाच्या चार्जला चांगला मराठी शब्द आहे, विलंब आकार वगैरे म्हणतात ना तो. आमच्यात बोलताना कोण वापरत नाही ते सोडा.

कृष्णाकाठ_अथणी

चार्जचं चाललंय तर डिस्चार्ज पण घ्या. आमच्याकडं पावसाळ्यात रोज सकाळी पहिला प्रश्न हाच, राजापूर बंधाऱ्यावरनं डिस्चार्ज किती. मराठी पेपरात विसर्ग लिहितात. मापाला क्युसेक, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८.३ लिटर, म्हणजे लाख क्युसेक म्हटलं की सेकंदाला २८ लाख लिटरच्या वर पाणी. हा आकडा डोक्यात असला की बातमी वाचून जनावरं कधी हलवायची ते कळतंय. कोयनेचा वेगळा, दूधगंगा-वेदगंगा वेगळा, आणि खाली आलमट्टीतनं किती सोडतात ते बघायचं, नाहीतर पाणी मागं फुगतं, ते भांडण इथं नको.

दवाखान्यातनं डिस्चार्ज, बॅटरी डिस्चार्ज, हे सगळं उतरवणं, मोकळं करणं. आणि रिचार्ज म्हणजे परत भरणं, मोबाईलचा झाला, बोअरवेलचा पण होतो, पावसाचं पाणी खड्डा करून जमिनीत मुरवायचं, त्याला पुनर्भरण म्हणतात.

चिकोडी_कोर्ट_कट्टा

अथणीकर, तुमच्या डिस्चार्जला कोर्टात पण जागा आहे. चार्ज फ्रेम व्हायच्या आधीच कोर्टाला वाटलं केसमध्ये दम नाही, तर आरोपी डिस्चार्ज. केस चालून सुटला तर ॲक्विट, म्हणजे निर्दोष. पेपरवाले दोन्हीला "सुटका" लिहून मोकळे.

नंदगडचा_माजी_फौजी

फौजेतनं बाहेर पडताना पण डिस्चार्ज बुक मिळतं. पेन्शनच्या कामाला अजून काढावं लागतं.

टिळकवाडीच्या_बाई

आता वाक्यांकडं येते, कारण खरी चूक अर्थात होत नाही, त्या शब्दाच्या मागं-पुढं काय लावायचं त्यात होते.

विथ. हा लक्षात ठेवला तर बरंच काम होतं. विथच्या पुढं जे येतं तो भार. "द फर्नेस वॉज चार्ज्ड विथ स्क्रॅप", भट्टीवर भार स्क्रॅपचा. "ही वॉज चार्ज्ड विथ थेफ्ट", माणसावर भार चोरीच्या आरोपाचा. "शी वॉज चार्ज्ड विथ ट्रेनिंग द न्यू बॅच", तिच्यावर भार कामाचा, इथं आरोप नाही, जबाबदारी. तिन्ही वाक्यांची बांधणी एक. आपल्याकडचे बातमीदार "चार्ज्ड फॉर थेफ्ट" लिहितात, तिथं विथ पाहिजे.

फॉर पैशाला. "ही चार्ज्ड मी टू हंड्रेड रुपीज फॉर द स्टिचिंग." यात इंग्लिश मी, म्हणजे मला, त्याच्या आधी काही लागत नाही. आपण मराठीत "माझ्याकडून घेतले" म्हणतो म्हणून मुलं "चार्ज्ड फ्रॉम मी" लिहितात, हे प्रत्येक वहीत सापडतं. चार्ज टू असतं पण वेगळं, "चार्ज इट टू द कंपनी अकाउंट", म्हणजे तो खर्च कंपनीच्या खात्यावर टाका. फुकट असेल तर "फ्री ऑफ चार्ज", इथं चार्जला एस लावायचा नाही. जाहिरातीत "फ्री ऑफ चार्जेस" दिसलं तर मनातल्या मनात खोडायचं.

आता तुमचं, इन चार्ज. "आय ॲम इन चार्ज ऑफ मेल्टिंग." तुमच्या वाक्यात इन राहिलाय, बाकी ठीक. पण एक छोटा द मध्ये घुसला की अर्थ उलटा होतो. "द नर्स इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड", नर्स बघणारी, मूल तिच्या ताब्यात. "द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स", इथं मूल कर्ता आहे आणि तरी ताबा नर्सचाच, कारण द आला. हे मुलांना फळ्यावर दोनदा लिहून दाखवावं लागतं. आपण "शिफ्ट इनचार्ज आले" म्हणून माणसालाच इनचार्ज करून टाकलं, तो आपल्या देशातला वापर आहे, इथं सगळ्यांना कळतो. लाठीचार्ज पण तसाच आपल्याकडचा, तो आता इंग्लिश डिक्शनऱ्यांनी घेतलाय.

फोनला "माय फोन इज चार्जिंग" किंवा "ऑन चार्ज". "आय हॅव केप्ट माय फोन फॉर चार्जिंग" हे "चार्जिंगला लावलाय" याचं शब्दशः भाषांतर, कळतं सगळ्यांना, इंटरव्ह्यूत टाळा.

उद्यमबाग_मेल्टिंग

बाई लई लई आभार. मामा, वकीलसाहेब, फौजी काका, सगळ्यांचे. विथचं आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

पण मग एक अडचण, मी खरं म्हणजे इन चार्ज नाही. शिफ्ट इनचार्ज वेगळे आहेत. मी चार्ज शीट भरतो, चार्ज टाकायला दोन हेल्पर असतात त्यांच्यावर लक्ष देतो, टेम्परेचर घेतो, धातूतले घटक तपासायच्या स्पेक्ट्रो मशीनला सॅम्पल पाठवतो. मग काय लिहू? आणि अजून एक, सरकारी भरतीच्या जाहिरातीत चार्जमन म्हणून पोस्ट बघितली. ती म्हणजे भट्टीत चार्ज टाकणारा माणूस काय? तसं असलं तर मला अनुभव आहेच की.

टिळकवाडीच्या_बाई

नसलेलं पद लिहू नका, इंटरव्ह्यूत दोन मिनिटांत कळतं. जे करता ते लिहा. "आय प्रिपेअर द फर्नेस चार्ज, मेंटेन द चार्ज रेकॉर्ड अँड सुपरवाइज टू हेल्पर्स." वाचणारा फाउंड्रीतला असेल तर त्याला सगळं कळेल, आणि एचआरमधला असेल तर फर्नेस हा शब्द बघून गैरसमज होणार नाही.

मामा_बिडाची_भट्टी

बाईंनी लिहिलंय त्याच्यापुढं "इंडक्शन फर्नेस" किती किलोची ते पण टाक, आणि बिडाच्या दोन प्रकारांतलं ग्रे आयर्न करतोस की एसजी ते टाक. फाउंड्रीवाला आधी तेच बघतो, इंग्लिश मागनं.

चार्जमन म्हणजे भट्टीवाला नव्हे रे. आयुध निर्माणी, नेव्हीचं डॉकयार्ड असल्या ठिकाणी ते सुपरवायझरचं पद असतं, एका सेक्शनचा चार्ज ज्याच्याकडं तो चार्जमन. जुन्या कारखान्यात फोरमनच्या खाली चार्जहँड असायचा, तो पण तसलाच. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, असे ट्रेड वेगवेगळे असतात आणि बहुतेक जाहिरातीत डिप्लोमा मागतात. तुझा आयटीआय झालाय तर लॅटरल एंट्रीनं डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं काय बघ, पॉलिटेक्निकला जाऊन विचार, नोकरी सांभाळून इव्हिनिंगचा कोर्स कुठं असला तर अजून बरं. तोवर त्या जाहिरातीतली पात्रतेची ओळ नीट वाच, फॉर्मचे पैसे भरायच्या आधी.

खडेबाजार_टेलर

फॉर्मचे पैसे म्हणजे ॲप्लिकेशन फी मामा, चार्ज नव्हे 😀